अंगणापासून कुरणापर्यंत

मार्गशीर्षाच्या अमावास्येला बिदर, कलबुर्गी, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांतील खेडी सकाळीच ओस पडतात. हा वेळा अमावास्येचा सण. बोलीत त्याला येळवस म्हणतात. घरोघरची माणसे डोक्यावर जेवणाच्या टोपल्या आणि आंबिलाचे मडके घेऊन शेताची वाट धरतात. उभ्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारलेली असते आणि कोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडलेले असतात. पूजा होते, भज्जी आणि उंड्यांचे जेवण होते, झाडाला झोका बांधला जातो आणि दिवस मावळेपर्यंत मुले शिवारात बागडतात. भालकी तालुक्यातील मेहकर हे याच मुलखातील गाव. बुलढाणा जिल्ह्यातही याच नावाचे गाव आहे. हे मेहकर मात्र मांजरा नदीच्या प्रदेशातील, कर्नाटकात असूनही घरात मराठी बोलणाऱ्यांचे.

येळवशीच्या एका दिवसात अशा गावातील पोर कितीतरी शिकते. ज्वारी पोटरीत आहे की हुरड्यात, हे ते आजोबांना विचारते. काळ्या रानात पाय रुततो आणि मुरमाड माळावर रुतत नाही, हे त्याला तळपायानेच कळते. दुसऱ्या दिवशी तेच पोर शाळेच्या चार भिंतींत जाऊन बसते आणि शिवाराकडे त्याची पाठ होते. वर्षातील हा एक दिवस आणि बाकीचे सारे दिवस यांची ओळख व्हावी अशी प्राथमिक शाळा कशी रचावी, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मराठी मुलखात, दोन मराठी स्त्रियांच्या हातून घडले आहे.

या इतिहासाचा आरंभ मेहकरच्या शेजारीच करता येईल. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने बिदर शहरात बांधलेला मदरसा 1472 मध्ये पुरा झाला. तीन मजल्यांची ती वास्तू आजही पाहणाऱ्याला थक्क करते. मधोमध प्रशस्त चौक, चौकाभोवती व्याख्यानांची दालने, विद्यार्थ्यांच्या आणि आचार्यांच्या राहण्याच्या खोल्या, मशीद आणि ग्रंथालय अशी तिची रचना होती. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. दर्शनी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकाकत्या फरशा बसविल्या होत्या; त्यांतील काही अजून टिकून आहेत. उजेड आणि वारा आतपर्यंत पोहोचावा याची काळजी बांधणाऱ्यांनी घेतली होती. पुढे 1481 मध्ये एका बनावट पत्रावरून गवानला देहान्ताची शिक्षा झाली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. तरी दक्षिणेतील विद्येचे एक भव्य स्मारक म्हणून तिचा मान कायम आहे.

पण तिचा आराखडा कोठून आला? तो इराणकडून, खुरासानकडून आला. ज्या विद्वानांसाठी ती बांधली तेही दूरदूरच्या देशांतून येत. यात उणे काही नाही. उच्च विद्येला देशाच्या सीमा नसतात. तथापि शाळा म्हणजे आधी इमारत, आणि इमारत म्हणजे दुरून आणलेला एक भव्य नमुना, ही कल्पना मनात घट्ट बसली की खेड्यातील सहा वर्षांच्या पोराचा विचार राहून जातो. मदरशाच्या उंच दालनात मांजरेकाठच्या गुराख्याच्या मुलासाठी जागा राखलेली नव्हती. पुढे निजामी अमलात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून शिक्षण देण्याचे धाडस केले, हे त्याचे मोठेपण खरे. परंतु घरी मराठी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या खेड्यातील मुलाला तीही भाषा परकीच होती. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद हे तालुके म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिले. गावाचा जिल्हा आणि राज्य बदलले, कारभाराची भाषा बदलली; मुलाच्या पायाखालची माती मात्र तीच राहिली.

लहान मुलाच्या शिक्षणाचा विचार त्या मातीपासून सुरू करावा, ही दृष्टी अर्वाचीन जगाला ठळकपणे दिली ती जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल याने. 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी त्याने बालकांसाठी संस्था उघडली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. हे नाव नुसते अलंकारिक नव्हते. तेथे खरोखरीची बाग होती आणि प्रत्येक मुलाला त्या बागेत स्वतःचा एक लहानसा वाफा होता. स्वतः पेरलेले उगवते, दुर्लक्ष केले तर सुकते, आणि शेजारच्याचा वाफा तुडवायचा नसतो, हे तीन धडे एका वाफ्यातून मिळत. प्रशियाच्या सरकारला यातही धोका दिसला; 1851 मध्ये त्याने किंडरगार्टनवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी 1860 मध्ये उठली, आणि तोवर ही कल्पना देशोदेशी गेली होती.

त्यानंतर 1907 च्या जानेवारीत रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह सुरू केले. मुलाच्या उंचीची खुर्ची, त्याच्या हाताला पोहोचेल असे कपाट, त्याला स्वतःची चूक स्वतः उमगेल असे साहित्य: शाळेची जागा मुलाच्या मापाने रचायची असते, हे त्यांनी दाखवून दिले. लंडनच्या डेप्टफर्ड भागात राशेल आणि मार्गारेट मॅकमिलन या भगिनींनी 1914 मध्ये उघड्या हवेतील शिशुशाळा चालविली. कोंदट घरांतून येणाऱ्या, आजारलेल्या मुलांसाठी त्यांनी बाग केली आणि बागेभोवती एका बाजूने उघडे असे साधे निवारे उभारले. म्हणजे बाग मध्यभागी आणि इमारत कडेला; नेहमीच्या शाळेच्या नेमके उलट.

आपल्या देशात याच सुमारास दुसऱ्या वाटेने हाच विचार चालला होता. रवींद्रनाथ ठाकूर यांनी 1901 च्या डिसेंबरात शांतिनिकेतन येथे मोजक्या मुलांना घेऊन विद्यालय काढले आणि झाडाखाली वर्ग भरविले. 1937 मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या पुढाकाराने नई तालीमची योजना मांडली गेली. सूत, शेती आणि हस्तोद्योग यांतून सर्व विषय शिकवावेत असा तिचा गाभा होता. शांतिनिकेतनात निसर्गाचे सौंदर्य होते, वर्ध्यात श्रमाची प्रतिष्ठा होती. परंतु या दोन्ही ठिकाणी मूल शाळेपर्यंत येणार, हे गृहीत होते. जे मूल येतच नाही त्याचे काय करावे, हा प्रश्न धसास लागला तो डहाणूच्या किनाऱ्यावर आणि तेथील टेकड्यांत.

ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 चा, मुंबईतील सुधारक घराण्यातील. पदवीधर झालेल्या ताराबाई राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले होते. वकिली सोडून मुलांत रमलेल्या या माणसाचे काम पाहून 1923 मध्ये ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. दोघांनी मॉन्टेसरी पद्धतीला भारतीय पेहराव दिला आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाई मुंबईस परतल्या आणि 1936 मध्ये दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. मराठी मध्यमवर्गात बालशिक्षणाचा शब्द रुजला तो बव्हंशी त्यांच्यामुळे.

येथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. पण शिशुविहारात कोणाची मुले येतात, हे त्या पाहत होत्या. साहित्य महाग, जागा शहरातील, पालक शिकलेले. मॉन्टेसरीबाईंनी जे काम गरीब वस्तीत आरंभिले ते आपल्याकडे सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले होते. म्हणून 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबईपासून दूर डहाणू तालुक्यातील बोर्डी हे समुद्रकाठचे गाव निवडले आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म 1910 चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, आणि वर्षही पुरे होण्याआधी वैधव्य. हिंगण्याच्या आश्रमात शिकून त्या शिक्षिका झाल्या, खेड्यात आणि मग पुण्यात त्यांनी शिकविले, नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. पुण्याची बरी नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या त्या परत न जाण्यासाठीच.

बोर्डीला पहिली अडचण पैशाची आणि साहित्याची होती. विलायती लाकडी ठोकळे आणि मणी खेड्यात कोठून आणायचे? उत्तर दाराबाहेरच होते. किनाऱ्यावर शिंपले होते, झाडाखाली बिया आणि चिंचोके होते, रानात पाने, फुले, बांबू होते, पायाखाली माती होती. शिंपल्यांनी मोजता येते, पानांनी आकार आणि रंग ओळखता येतात, बियांच्या राशी करून लहानमोठे लावता येते, आणि मातीतून काय करता येत नाही? काटकसर म्हणून जे स्वीकारले ते शिक्षणाच्या दृष्टीने अधिक सरस ठरले. विकत आणलेला ठोकळा हरवेल म्हणून मुलाला जपावे लागते. शिंपला हरवला तर मूल दुसरा शोधायला जाते, आणि त्या शोधण्यात आणखी शंभर गोष्टी पाहते.

दुसरी अडचण अधिक बिकट होती. केंद्र उघडले, पण गावाच्या कडेच्या गरीब वस्त्यांतील मुले तेथे येईनात. काहींना कपडे नव्हते, काहींना संकोच होता, आणि बहुतेकांना येण्याचे कारणच दिसत नव्हते. तेव्हा ताराबाई-अनुताईंनी शाळाच वस्तीत नेली. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. आई दारात उभी राहून पाहत असे. म्हणजे तिचेही शिक्षण होत असे. या शाळेला नाव मिळाले अंगणवाडी. भिंत नाही, छप्पर नाही, पण गावच्या रचनेत जी जागा मुलाची म्हणून आधीच होती ती हेरून शाळा तेथे मांडली गेली.

1956-57 च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. टेकडीच्या आसपास वारल्यांचे पाडे. हा समाज किती गांजलेला होता हे समजून घेतल्याशिवाय कोसबाडच्या शाळेची रचना समजणार नाही. जमिनी सावकारांच्या हाती गेलेल्या, वेठबिगार चालू. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणाऱ्याला 'लग्नगडी' म्हणत. या जुलमाविरुद्ध 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला होता. अशा माणसांच्या मनात शहरी पोशाखातील कोणाही विषयी भीती असावी, यात नवल नव्हते. शाळेच्या बाई पाड्यावर आल्या की मुले घरांच्या मागे पळत.

पण केवळ भीती हेच कारण नव्हते. सात-आठ वर्षांचा मुलगा सकाळी गुरे घेऊन कुरणात जाई; तो गेला नाही तर घरात भाकरी कमी होई. त्याच वयाची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळी. तिने शाळेत जायचे म्हटले तर आईला कामावर जाता येत नसे. मूल आळशी नव्हते, आईबाप अडाणी हट्टाचे नव्हते. घराचा हिशेबच तसा होता. नेहमीच्या शाळेने अशा मुलांचे नाव पटावरून कमी केले असते. कोसबाडला या हिशेबाचा अभ्यास झाला आणि त्यातून शाळेचा आराखडा निघाला.

कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर, त्याहून मोठ्या बालकांसाठी बालवाडी आणि त्या पुढच्यांसाठी प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली गेली. ताई भावंडाला घेऊनच येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि आपल्या वर्गात बसे. मधल्या वेळी त्याला बघून येई. या एकत्र रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटले. आणि गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली. गुरे चरत आहेत, मुले झाडाच्या सावलीत गुरुजींभोवती बसली आहेत. एखादे जनावर भलतीकडे वळले की एकजण उठतो, वळवून आणतो आणि पुन्हा येऊन बसतो. ही कुरणशाळा. दगडांनी बेरीज, गवताच्या काड्यांनी दशक, समोरच्या ओढ्यावरून भूगोल. शाळेची घंटा सूर्यावर आणि गुरांच्या पोटावर बांधलेली.

निसर्गाशी जोडलेली शाळा म्हटले की फुलझाडे, पक्षी आणि हिरवळ डोळ्यांपुढे येतात. कोसबाडचा अर्थ याहून खोल होता. मुलाचा परिसर म्हणजे झाड आणि डोंगर एवढेच नव्हे. ते गुरू, ते भावंड, ती भूक, तो सावकार हेही परिसरच. शाळा त्या सगळ्याशी जोडायची असते. वारल्यांच्या कुडाच्या भिंती गेरूने सारवून त्यांवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची रीत प्राचीन आहे. लग्नात चौक काढणाऱ्या बाईच्या घरातील मुलाला 'चित्र काढायला शिक' असे सांगणे हास्यास्पद ठरेल. त्याला जे येते तेथून आरंभ करायचा आणि जे येत नाही तेथपर्यंत न्यायचे, हाच शहाणपणाचा मार्ग. सुईणपण, औषधी वनस्पती, पावसाची चिन्हे, रानातील खाण्याजोगी कंदमुळे यांचे ज्ञान पाड्यात होते. अक्षर, अंक आणि हिशेबाची चिठ्ठी वाचण्याची शक्ती नव्हती. सावकाराच्या वहीतला आकडा ज्याला वाचता येतो तो सहजासहजी लग्नगडी होत नाही.

कुरणशाळेवर एक आक्षेप घेता येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मुलाने गुरे राखावीत हेच चूक असताना शाळा कुरणात नेणे म्हणजे त्या चुकीला मान्यता देणे नव्हे काय? 2009 मध्ये शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ, रीतसर शाळा मिळणे हा आता त्याचा अधिकार आहे. या दृष्टीने पाहता कुरणशाळा ही तडजोडच होती. पण ती कोणासाठी केलेली तडजोड होती, हेही पाहिले पाहिजे. मूल कामातून सुटेपर्यंत त्याचे शिक्षण थांबवायचे की शिक्षण देऊन त्याला कामातून सोडवायचे, असा तो प्रश्न होता. ज्यांच्यापुढे मूल उभे होते त्यांना पंचवीस वर्षे वाट पाहणे शक्य नव्हते. कुरणशाळा हे ठिकाण मुक्कामाचे नव्हते. ते विकासवाडीच्या वाटेवरचे पहिले झाड होते.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले. 1973 मध्ये त्या वारल्या. अनुताईंनी त्यानंतरही जवळजवळ दोन दशके कोसबाडची टेकडी सोडली नाही. 1982 मध्ये रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था उभारली, आणि 1992 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाची सर्वांत मोठी खूण मात्र एका शब्दात उरली आहे. केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली तेव्हा पहिल्या टप्प्यात 33 प्रकल्प होते आणि त्यांतील बालकेंद्रांना नाव होते अंगणवाडी. आज देशभर सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या खेड्यांतही हाच शब्द चालतो. पोषण आणि आरोग्य यांचे मोठे काम या केंद्रांनी केले आहे. पण शब्द देशभर पसरताना पुष्कळ ठिकाणी अंगण मागे राहिले. एकच नकाशा समुद्रकाठी, डोंगरात आणि काळ्या रानात सारखाच उतरविला गेला. छापील तक्ते आले आणि शिंपले, चिंचोके बाहेर राहिले. नाव स्वीकारणे सोपे असते. ज्या विचारपूस करण्याच्या सवयीतून ते नाव जन्मले ती सवय स्वीकारणे कठीण असते.

ती सवय घेऊन मेहकरच्या शिवारात पुन्हा आले तर काय दिसेल? प्रथम दिसेल ती माती. काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिच्यावर उथळ पायाची इमारत बांधली तर दोन-चार वर्षांत भिंतींना तडे जातात. मुरूम लागेपर्यंत पाया नेला पाहिजे, हे गावचा जुना गवंडी सांगेल. बिदरच्या पठारावर जांभा दगड आहे. खाणीतून निघताना तो मऊ असतो, सहज कापता येतो, आणि हवा लागली की कठीण होतो. मराठवाड्याच्या आणि या सीमाभागाच्या जुन्या घरांवर माळवद असे: जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखाच्या उन्हात पत्र्याच्या वर्गात बसवत नाही, पण माळवदाच्या घरात दुपारची झोप लागते. जुने माळवद जसेच्या तसे उभारावे असे नाही, कारण त्याला दरवर्षी देखभाल लागते. परंतु जाड भिंत, खोल ओसरी, पश्चिमेच्या उन्हाला आड येणारे झाड आणि मुलाला बसल्या जागेवरून शेत दिसेल इतक्या उंचीवरची खिडकी, एवढे शहाणपण तरी त्यातून घेता येते. खिडकीचा उंबरा मोठ्या माणसाच्या छातीइतका असला की मुलाला फक्त आभाळाचा तुकडा दिसतो.

मातीनंतर पाणी. बिदरजवळ नौबाद येथे बहामनी काळात खोदलेली भुयारी पाण्याची वाट आहे; लोक तिला सुरंग बावी म्हणतात. जांभ्या दगडाच्या भेगांतून झिरपणारे पाणी ठरावीक अंतरावरच्या उभ्या विहिरींनी जोडून उताराने शहराकडे आणण्याची ही युक्ती. दुष्काळ सोसलेल्या मुलखातील मुलाला जलचक्राचे चित्र तक्त्यावर दाखविण्यापेक्षा छपरावरचे पावसाचे पाणी शाळेच्या टाकीत कसे उतरते आणि विहिरीची पातळी महिन्यागणिक किती खाली जाते, हे मोजायला लावणे अधिक मोलाचे. बिदरी कामाचा कारागीर जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाच्या भांड्यावर चांदीची तार बसवितो आणि शेवटी किल्ल्यातील माती नवसागरात मिसळून त्या भांड्याला काळा रंग आणतो. चांदी तशीच पांढरी राहते. रसायनाचा असा धडा कोणत्या प्रयोगशाळेत मिळेल? ती माती काही योजनांवर पडलेली आहे, आणि तिचा उल्लेख गावच्या पाठात यावा एवढीच अपेक्षा आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. या मुलखातील मूल घरी मराठी बोलते, बाजारात कन्नड ऐकते, आणि शेजारच्या मोहल्ल्यात दखनी. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू यांनी एकोणिसाव्या शतकात एकाहून अधिक भाषांत पदे रचली, ती याच हवेत. भाषा हाही निसर्गासारखाच मुलाचा परिसर होय. येळवस हा शब्दच पाहा. सण एक, पण तो मराठी ओसरीवर आणि कन्नड ओसरीवर सारख्याच आपुलकीने उच्चारला जातो. शाळेच्या आवारातील लिंब, चिंच, बाभूळ, पळस, सीताफळ यांच्या बुंध्यांवर मुलांनी स्वतः दोन्ही लिप्यांत नावे लिहिली, तर झाड तेच आहे आणि नावे दोन आहेत हे त्यांना वाद न घालता समजेल. आईच्या भाषेतून आरंभ आणि राज्याच्या भाषेशी मैत्री, या दोहोंत विरोध नाही. विरोध उत्पन्न होतो तो मुलाला घरची भाषा दाराबाहेर ठेवून ये असे सांगितल्यावर.

आणि शेवटी तोच जुना प्रश्न: न येणारे मूल कोणते? आज मांजरेच्या खोऱ्यात लग्नगडी नाही. पण ऊसतोडीच्या हंगामात बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागणारी कुटुंबे मराठवाड्यात आणि त्याच्या सीमेवर अजून आहेत. दिवाळीच्या सुमारास गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडी परत येते, आणि तोवर त्याचा वर्ग पुढे गेलेला असतो. कोठे कापूस वेचणीच्या दिवसांत मुलीचे बाक रिकामे राहते, कोठे धाकट्या भावंडामुळे. शाळेची इमारत कितीही हवेशीर असली, आवारात कितीही झाडे असली, तरी या रिकाम्या बाकांचा हिशेब जिच्या आराखड्यात नाही ती शाळा निसर्गाशी जोडलेली म्हणता येणार नाही. कारण मूल हाच त्या गावच्या निसर्गाचा सर्वांत कोवळा भाग आहे.

महमूद गवानचा मदरसा पाच शतकांनंतरही उभा आहे. बोर्डीच्या पहिल्या अंगणवाडीचे अंगण आज दाखविता येईलच असे नाही. दगड टिकतो, झाडलेले अंगण दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावे लागते. खेड्यातील प्राथमिक शाळेला दोहोंची गरज आहे: पावसात न गळणारे छप्पर हवे, आणि रोज सकाळी उठून आज कोण आले नाही आणि ते का आले नाही, हे विचारायला वस्तीत जाणारे पायही हवेत. नकाशा काढणाऱ्याने कागद पसरण्यापूर्वी एकदा येळवशीच्या दिवशी गावाबरोबर शिवारात जावे. सारे गाव जेथे एकत्र जेवायला बसते आणि जेथे एकही मूल मागे राहत नाही, ती जागा त्याने नीट पाहून ठेवावी. शाळेचे माप त्याला तेथे सापडेल.